टोचूची चाल

टिपणकाकांना हे नाव ऑफिसात कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणसाची पारख होती. काकांचं काम चित्रं काढायचं, आणि तीही हलणारी. लहान मुलांच्या व्हिडिओंत जे प्राणी नाचतात, आपटतात आणि लगेच उठून गाणं म्हणायला लागतात, त्यांना आधी कागदावर चालायला शिकवायचं ते काकांनी. तोंड काय, कुणीही काढतं. हत्ती काढणारे शंभर मिळतील, पण हत्तीने पाय टेकला की जमीन दबली असं वाटायला लावणारा एखादाच. काका त्यातले होते.

त्यांच्या खिशात कायम एक वही असायची. ज्या मास्तरांकडे ते शिकले त्यांचा नियम होता, की डोळ्यांनी बघितल्याशिवाय काढायचं नाही आणि कुठे बघितलं ते लिहिल्याशिवाय पान उलटायचं नाही. मास्तर गेले, नियम राहिला. काका बसथांब्यावर, दवाखान्यात, रांगेत उभ्या उभ्या चार रेघा मारायचे आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात शाईने तारीख आणि संदर्भ लिहायचे. ‘दूधवाला, तिसरा जिना, पिशवी उजव्या हातात.’ ‘बँकेतला शिपाई, साहेबांनी हाक मारल्यावर.’ ‘गल्लीतली मांजर, ओल्या भिंतीवर.’ शिवाय धंदा लहान मुलांचा. त्यामुळे चालीत जिथे पोरं हसतील त्या चित्राखाली एक बारीक बाण, आणि बाणाशी दोन शब्द: ‘इथे हसू.’

अशा एकोणतीस वह्या भरल्या होत्या आणि सगळ्यांत मिळून नियम मोडलेलं पान एकच. वडील गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात काकांनी त्यांना जिना चढताना काढलं होतं आणि कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘आठवणीतून.’ तसं पान पुन्हा काढायची वेळ येऊ नये, असं ते म्हणायचे.

काकू शिवणकाम करायच्या. लहानपणी कमरेच्या सांध्याला काही दुखणं झालं आणि डावा पाय दीड इंच आखूड राहिला तो राहिलाच. बाहेर जाताना त्या डाव्या पायात जाड तळव्याचा बूट घालायच्या. बूट इतका बेताने बनवलेला, की सोळा वर्षं समोर राहणाऱ्या शेजारणीलासुद्धा पत्ता नव्हता. काकूंची टाच दुखते, एवढंच ती धरून चालली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण घरात शिरलं की पहिलं काम बूट काढून दाराआड ठेवायचं. मग अनवाणी, डावा पाय किंचित मागे ठेवत, दर दुसऱ्या पावलाला खांदा खाली सोडत त्या घरभर हिंडायच्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या काकांसमोरही बूट घालून वावरत. दुसऱ्या वर्षी एका सकाळी त्यांनी तो काढून ठेवला, आणि काकांनी काही झालंच नाही असं दाखवत दोन कपांत चहा ओतला. ‘त्या दिवशी तुम्हाला मनापासून नवरा मानलं,’ असं काकू पुढे कधीतरी बोलून गेल्या होत्या.

तर मोठेपणी ती चाल जगात एकाच माणसाने पाहिलेली, आणि तो माणूस निघाला चित्रकार.

लग्नाच्या चौथ्या वर्षी, वर्तमानपत्राच्या आडून, काकांनी ती काढली. शेगडीपासून खिडकीपर्यंत सहा पावलं, सहा चित्रं. कुणाची चेष्टा करावी असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना ती चाल फार आवडायची. काकू दुसऱ्या खोलीतून येताना नुसता आवाज ऐकला तरी त्यांना बरं वाटायचं. हे खरं होतं, आणि पुढे ते कुणाला पटवून देता आलं नाही म्हणून खोटं ठरत नाही. पण सवयीचा माणूस सवयीने लिहितो. कोपऱ्यात तारीख घातली, संदर्भ घातला, आणि चौथ्या चित्राखाली, जिथे खांदा खाली जातो तिथे, बाण मारून तेच दोन शब्द लिहिले.

त्याच वहीत दोन पानं पुढे त्यांनी एक साळिंदराचं पिल्लू काढलं होतं. तेव्हा ते शाळेच्या पुस्तकांसाठी बदक, छत्री, घोडा असली चित्रं काढायचे. साळिंदर कुठल्याच पुस्तकाला नको होतं. पुढे कितीतरी वर्षांनी व्हिडिओ बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, मालकाला नवा प्राणी हवा होता, तेव्हा काकांनी ते पिल्लू बाहेर काढलं. नाव ठेवलं टोचू. टोचूला सगळ्यांच्या जवळ जायचं असतं आणि अंगावर काटे, म्हणून तो थबकत थबकत येतो. थबकत येणार कसा, याचं उत्तर वहीत दोन पानं मागे तयार होतं. डावा पाय मागे, खांदा खाली, आणि खांदा खाली गेला की एका बाजूचे काटे खुळखुळतात. पोरं हसून लोळायची. आठ वर्षं लोळली.

आणि सगळ्यांत मोठ्याने हसायच्या त्या काकू. दुपारी मापं द्यायला बायका यायच्या, तेवढ्यापुरता बूट पायात असायचा, त्यांची मुलं काकूंच्या मशीनशेजारी बसायची, आणि काकू जुना टॅब उघडून टोचू लावायच्या. काकूंना मूल झालं नव्हतं. ‘आलं बघा आमचं पोरगं! आलं ठुमकत!’ असं म्हणून त्या डोळ्याला पाणी येईपर्यंत हसत. माणसाला स्वतःचा चेहरा आरशात दिसतो, पाठमोरी चाल कुठे दिसते? काका आतल्या खोलीतून ऐकत आणि पेन्सिलीला टोक करत बसत. सांगू कधीतरी, सांगू कधीतरी, यात आठ वर्षं निघून गेली.

मग कंपनीत नवे साहेब आले. त्यांनी हाताने चित्रं काढणाऱ्यांना फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं आणि टोचू यंत्राकडून काढून घ्यायला सुरुवात केली. नवा टोचू चावी दिलेल्या खेळण्यासारखा फिरायचा. ते बघवेना म्हणून काकांनी आणि त्यांच्याबरोबर निघालेल्या दोघा सहकाऱ्यांनी चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आणि स्वतः टोचूचे भाग करायला घेतले. टोचू आपला, ही काकांची समजूत इतकी पक्की की कुणाला विचारायला हवं हेही सुचलं नाही. चार भाग गेले. पाचव्याच्या दिवशी काकूंनी मुलांसाठी टॅब उघडला, तर टोचूच्या जागी काळा चौकोन, आणि त्यावर लिहिलेलं: हक्कदाराच्या तक्रारीवरून हा व्हिडिओ काढून टाकला आहे.

“हक्कदार कोण?” काकूंनी विचारलं.

“कंपनी,” काका म्हणाले.

“कंपनी! नऊ महिने पोटात कंपनीने ठेवलं होतं का त्याला? चोराच्या उलट्या बोंबा! तुम्ही वकील गाठा.”

वकीलबाई वयाने लहान, पण डोक्याने पक्क्या. त्यांनी सरळ सांगितलं, “काका, नोकरीत असताना काढलं ते कंपनीचं. आधी काढलं असेल आणि लिहून दिलं नसेल, तर तुमचं. तुम्ही लिहून दिलेलं नाही. आता आधी काढलं ते दाखवा.” काकांनी अभिमानाने सातवी वही पुढे केली. तारखेसकट साळिंदराचं पिल्लू. वकीलबाईंनी मान हलवली. “एवढ्याने भागणार नाही. ते म्हणतात, साळिंदरं सगळी सारखीच दिसतात. मुलं टोचूला ओळखतात ती चालीवरून, आणि चाल आमच्या ऑफिसात तयार झाली. चालीचा काही पुरावा आहे?”

काकांनी वहीकडे हात पुढे केला. पण वही तर बाईंच्या हातात. त्यांनी सहज दोन पानं मागे उलटली आणि जवळजवळ ओरडल्याच, “काका! अहो, काखेत कळसा नि गावाला वळसा! हे काय इथेच आहे!”

काकांनी विचारलं, “ते पान नाही दाखवलं तर?”

“तेच पान म्हणजे आपला खटला आहे.”

“मग तो कोपरा झाकून...”

“एक टाका उसवलेला दिसला तरी वही बनावट म्हणतील. हात लावू नका तिला.” बाईंनी वही पाकिटात घालून पाकीट बंद केलं.

घरी येताना काकांनी ठरवलं, की खटला सोडून द्यायचा. टोचू गेला तर गेला. तसं त्यांनी जेवताना बोलूनही बघितलं. काकूंनी हातातला घास खाली ठेवला.

“मूल नाही म्हणून आयुष्यभर ऐकून घेतलं मी,” त्या म्हणाल्या. “हे एक झालंय. तेही कुणी उचलून नेणार आणि तुम्ही हात चोळत बसणार? मग माझ्याशी बोलू नका.”

आता इकडे आड तिकडे विहीर. सांगून टाकणं एवढाच मार्ग उरला, आणि काकांनी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा काकू सुईत दोरा ओवत होत्या. “अगं, एक सांगायचं होतं.” “सांगा की.” “वकीलबाई फार हुशार आहेत.” दुसऱ्यांदा शेजारीण टपकली. तिसऱ्यांदा काकू खिडकीतून वळून त्यांच्याकडे चालत येत होत्या, अनवाणी, आणि ती चाल बघता बघता काकांनी वर्तमानपत्र उघडलं. चांगल्या माणसांचा भित्रेपणा हा असा असतो. कुणाला दुखवायला नको म्हणून ते गप्प बसतात, आणि दुखणं आणखी वाढवून ठेवतात.

तारखेच्या दिवशी त्यांनी काकूंना घरीच थांबायला सांगितलं. “पोराच्या निकालाला आई नको?” असं म्हणून त्यांनी इस्त्रीचे कपडे आणि बूट घातला, आणि निघाल्या.

कोर्टाची खोली लहानच होती. भिंतीवर पांढरा पडदा, समोर न्यायाधीश, त्यांच्याखाली टंकलेखन करणारा एक कारकून. मागच्या बाकावर काकू, मांडीवर पर्स. आधी पडद्यावर टोचू चालला. मग त्याच्या शेजारी वहीचं पान आलं, भिंतीएवढं. जो कोपरा कुणी वाचणार नाही अशी काका आशा धरून होते, त्यातलं एकेक अक्षर आता टेबलाएवढं मोठं झालं होतं.

कंपनीचे वकील उठले. शांत, सभ्य गृहस्थ. “साहेब, हे साळिंदर नाही. ही एक बाई आहे. खाली लिहिलंय तेच वाचतो. ‘ही, स्वयंपाकघर, अनवाणी. तिला न कळता.’ आणि इथे बाण. ‘इथे हसू.’” मग ते काकांकडे वळले. “‘ही’ म्हणजे कोण?”

काकांनी मागे बघितलं नाही. “माझी बायको.”

“असं पान टोचूवरून मागाहूनही काढता येतं. त्या खरंच अशा चालतात, याला पुरावा काय? आज सकाळी त्या आपल्याबरोबर आत आल्या. मी पाहिलं. त्या अगदी नीट चालत होत्या.”

वकीलबाई कागद चाळू लागल्या. मागे बाक करकरला. मग चेनचा आवाज आला, बुटाची बाजूची चेन, आणि बूट फरशीवर ठेवल्याचा. काकांनी सव्वीस वर्षं तो आवाज रोज ऐकला होता. घराबाहेर आज पहिल्यांदा.

“साहेब, चालले तर चालेल?” काकूंनी विचारलं.

न्यायाधीशांनी नाही म्हणायला हात उचलला होता, पण तोपर्यंत काकू निघाल्या होत्या. मागच्या बाकापासून न्यायाधीशांच्या टेबलापर्यंत, अनवाणी, परक्या बारा माणसांदेखत. डावा पाय मागे, खांदा खाली. पडद्यावर टोचू तसाच थबकलेला. आणि चौथ्या पावलाला, बरोबर चौथ्या, खांदा खाली गेला तेव्हा तो कारकून हसला. वाईट माणूस नव्हता तो. घरी लहान मूल असणार, रोज टोचू लागत असणार, ओळख पटली आणि तोंडातून निघून गेलं. त्याने लगेच तोंडावर हात धरला, पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

“पुरे, बाई,” न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले. “बसा तुम्ही.”

काकू वळल्या आणि तशाच परत गेल्या. जाताना त्यांनी पडद्याकडे एकदा नीट पाहिलं.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. घरात शिरल्यावर काका दाराशी थांबले. काकू बुटासकट आत गेल्या, मशीनपाशी बसल्या.

“‘इथे हसू’ असं लिहिलंत.”

“अगं, ते आमच्या कामातलं. प्रत्येक पानावर लिहितो मी. दूधवाल्याच्या, मांजराच्या...”

“दूधवाला तुमच्यासमोर बूट काढून चालत नव्हता,” काकू म्हणाल्या.

काका म्हणाले, “मला ती चाल आवडायची गं. अजून आवडते.”

“असेल.” काकूंनी मशीनवरचं कापड उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. “तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण तुम्ही म्हणालात हसू येईल, आणि आलं. आठ वर्षं पोरं हसली. आणि मी त्यांच्यात बसून सगळ्यांत मोठ्याने हसले. ते कसं विसरू, तेवढं सांगा.”



तीन आठवड्यांनी निकाल लागला. टोचू, तोंड आणि चाल धरून, काकांचा. चष्म्याच्या दुकानावरच्या खोल्यांत सहकाऱ्यांनी टेबलं बडवली. काका घरी आले, निकाल सांगितला, आणि काकू मनापासून म्हणाल्या, “बरं झालं. पोरगं घरी आलं.” त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर काकांना सोपं गेलं असतं.

पण त्या दिवसापासून काकू घरातही बूट घालतात. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी चेन ओढली जाते, ती दिवा मालवल्यावरच पुन्हा उघडते. दाराआडची बुटाची जागा रिकामी आहे. बाकी सगळं तसंच चाललं आहे: चहा दोन कप, भाजीला मीठ बेताचं, “अहो, चष्मा विसरलात.” मुलं दुपारी येतात, टोचू लागतो, मुलं हसतात. तेवढा वेळ काकूंचं मशीन चालू असतं. काकांनी एकदा धीर करून म्हटलं, “घरात तरी काढ गं तो, सांधा दुखेल.” काकू म्हणाल्या, “सवय झाली आता,” आणि दुसरं काहीतरी बोलू लागल्या.

नव्या भागात टोचूला भरलेली बादली घेऊन अंगणातून यायचं होतं. सहकारी चित्रांसाठी खोळंबले होते. बादली उचलली की ती चाल कशी बदलते, खांदा आधी जातो की पाय, हे काकांना बघायला हवं होतं. पूर्वी नुसतं वर्तमानपत्र धरून बसलं की झालं. रविवारी सकाळी ते वही घेऊन टेबलाशी बसले. काकूंनी न्हाणीघरात बादली भरली, उचलली, आणि त्यांच्यासमोरून बाल्कनीपर्यंत नेली. सरळ, एकसारखी, थेंब न सांडता. बूट फरशीवर वाजत गेला आणि वाजत परत आला.

काकांनी डोळे मिटले. मग बराच वेळ खोडत, पुसत त्यांनी सहा चित्रं काढली. चौथ्या चित्राखाली बाण काढला नाही. कोपऱ्यात तारीख घातली. संदर्भाच्या जागी पेन जरा वेळ तसंच धरून ठेवलं. स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, “अहो, चहा टाकू का?”

“टाक,” काका म्हणाले, आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘आठवणीतून.’